तुम्ही विचारलंत म्हणून: कौतुक त्या विमानाचंच का?

"अंतराळात जातं ते यान, मग तुम्ही कौतुक त्याला उचलून नेणाऱ्या विमानाचं का करता?" लग्नात, लिफ्टमध्ये, सगळीकडे हेच विचारतात. एकदाच नीट सांगतो.

माझी उमेदीची वर्षं सांताक्रूझच्या हँगरमध्ये विमानं तपासण्यात गेली. भार कोण वाहतंय, हे मी आधी बघतो. अंतराळ पर्यटनाच्या व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचं यान उचलून नेणारं विमान 'ईव्ह' म्हणजे दोन धडं, चार इंजिनं आणि 43 मीटरचा पंख. आपल्या गच्चीवरून उतरणाऱ्या ए-320 प्रवासी विमानापेक्षा सात-आठ मीटर जास्तच. मधल्या पंखाखाली यान टांगून ते 13-14 किलोमीटर उंचीवर नेतं आणि सोडतं. दाट हवा तोवर खाली राहिलेली असते. मग यानाचं रॉकेट पेटतं; ते पेटलंच नाही, तर यान तरंगत धावपट्टीवर परत येऊ शकतं.

2014 च्या दिवाळीच्या सुट्टीत पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी मुलांना हेच सांगितलं. एका मुलाने थर्माकोलचं ईव्ह करून आणलं होतं. मी म्हणालो, "म्हणून ही पद्धत सुरक्षित."

आठवडाभरात, 31 ऑक्टोबरला, ईव्हपासून सुटलेलं 'एंटरप्राइज' यान कॅलिफोर्नियावर हवेतच तुटलं. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. सहवैमानिक मायकल अल्सबरी गेले. मी पहाटेपर्यंत टीव्हीसमोरून हललो नाही. सकाळी त्या मुलाची आई दारात उभी. आवाज चढलेला नव्हता. "काका, तुम्ही सुरक्षित म्हणाला होतात. तो रात्रभर झोपला नाही. त्याला काय सांगू?"

मी म्हणालो, "विमानाची चूक नव्हती." खरंच नव्हती. पण त्या माउलीने ते विचारलंच नव्हतं.

पुढे तपासात कळलं. परतताना वेग कमी व्हावा म्हणून वर वळणाऱ्या शेपटीचं कुलूप ध्वनीच्या वेगाच्या 1.4 पटीला उघडायचं होतं, ते अल्सबरींनी 0.8 पटीच्या आसपासच उघडलं. हवेच्या जोराने शेपटी आपोआप वर गेली. एका माणसाच्या एका चुकीने यान जाईल, हा विचार रचना करताना झालाच नव्हता. हे वाचून मला अल्सबरींचा नाही, माझा राग आला. हँगरमध्ये मी रोज हाच प्रश्न विचारायचो: चुकलं तर काय? गच्चीवर नाही विचारला.

बरं, डिसेंबर 2020 मध्ये त्याच कंपनीच्या 'युनिटी' या पुढच्या यानाचं रॉकेट पेटलं नाही आणि ते खरोखर तरंगत सुखरूप उतरलं. म्हणजे मी तेव्हा खोटं बोललो नव्हतो ना? अर्धं बोललो होतो.

अपघाताच्या पुढच्या वर्षी दिवाळीत मुलांनी पुन्हा बोलावलं. गेलो, आणि सुरुवात त्या कुलपापासून केली. दोन लहान मुलं मध्येच उठून गेली. बायको अजून म्हणते, एवढं सांगायला नको होतं. मी म्हणतो, हवंच होतं.