जवळचा नंबर काढला, त्याचा अनुभव

मी धनकवडीत घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. वय ४३. गेल्या लग्नसराईपासून काळी आणि गडद निळी कापडं संध्याकाळी हातात घेणंच बंद केलं होतं. काळ्या कापडावर काळा दोरा दिसायचाच नाही. हुक लावायला ब्लाउज हातभर लांब धरावा लागे, आणि तेवढ्या लांबून टाका काही सरळ पडत नाही. सासूबाई म्हणायच्या, गाजरं खा. शेजारच्या काकू म्हणायच्या, एकदा चष्मा लावला की नंबर वाढतच जातो, टाळता येईल तेवढं टाळ.

या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. वयानुसार डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं बघताना त्याला पुरेसा फुगवटा येत नाही, म्हणून चाळिशी लागते. शिवणकाम करणाऱ्यांना लागते तशी न करणाऱ्यांनाही. साठीपर्यंत नंबर हळूहळू वाढतो, मग चष्मा लावा अगर लावू नका.

रस्त्यावरचा रेडीमेड चष्मा घेऊन पाहिला, पण तासाभरात डोकं ठणकायचं. एका दुकानात गेले, तिथे महागड्या फ्रेमच पुढे केल्या. शेवटी ट्रस्टच्या डोळ्यांच्या रुग्णालयात गेले. पुण्यात ससूनमध्ये डोळ्यांचा विभाग आहे, महंमदवाडीला देसाई रुग्णालय आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते.

जाताना पिशवीत काळा ब्लाउज, सुई आणि रीळ टाकलं होतं. शिवणाऱ्या प्रत्येक बाईने हे करावं. आधी मशीनमध्ये डोळा लावून लांबच्या रस्त्यावरचा फुगा बघायचा, मग जड गोल फ्रेम नाकावर, तिच्यात एकेक काच बदलत "ताई, हे स्पष्ट की ते?" घाई करू नका, फरक कळत नसेल तर परत दाखवायला सांगा. जवळचं अक्षरांचं कार्ड मला नीट वाचता आलं. पण मी ब्लाउज काढला तेव्हा तपासणाऱ्या मुलीने माझ्या डोळ्यांपासून सुईपर्यंतचं अंतर मोजलं. हातशिलाई आपण वाचण्यापेक्षा जवळ धरून करतो, मशीनची सुई त्याहून लांब असते, आणि जवळचा नंबर कामाच्या अंतरावर ठरतो. ही दोन्ही अंतरं सांभाळेल असा नंबर तिने बसवला. माझ्या दोन डोळ्यांचा नंबर वेगळा निघाला, डाव्याला थोडा सिलिंडरही, म्हणजे बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसली की लागणारा नंबर. डोकेदुखीचं कारण तिथे कळलं. रेडीमेडला मी नावं ठेवत नाही. दोन्ही डोळे सारखे असतील आणि सिलिंडर नसेल तर तो स्वस्तात चांगलं काम देतो. पण काचबिंदू आणि मधुमेहाने पडद्यावर होणारा परिणाम सुरुवातीला कळत नाही, तो तपासणीतच सापडतो. म्हणून एकदा तरी डोळे दाखवाच. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर काही तास जवळचं दिसत नाही, सोबत कुणाला तरी न्या आणि त्या दिवशी काम ठरवू नका.

साध्या फ्रेममध्ये चष्मा माझ्या खिशाला झेपला. खरा खर्च बुडालेल्या कामाचा होता, आणि माझ्यासारख्या बायका तिथेच अडतात. माझ्या मुलीने मला आसामच्या चहामळ्यांतल्या अभ्यासाबद्दल वाचून दाखवलं. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळिशी पार केलेल्या, पानं तोडणाऱ्या ७५१ कामगारांपैकी ज्यांना लगेच चष्मा मिळाला, त्यांचं काम बाकीच्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. मला याचं आश्चर्य वाटलं नाही, कारण आता रात्री नऊ वाजताही मी काळा ब्लाउज पूर्ण करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जवळचा चष्मा न मिळालेले लोक जगात ८२ कोटींहून जास्त आहेत. एवढ्या साध्या वस्तूसाठी एवढी माणसं अडून राहावीत, याचा मला राग येतो.

आमच्या गल्लीत घरोघरी शिवण, निवडणं-टिपणं, पोळ्यांची कामं चालतात. डोळ्यांची शिबिरं मात्र सकाळी, कामाच्या दिवशी भरतात. आमच्या बचत गटाने नगरसेवकांकडे मागणी लिहून दिली आहे: शिबिर रविवारी दुपारी घ्या, आणि नंबर काढल्यावर चष्मा वस्तीतच आणून द्या.