होई आनला एक दिवस सायकल बंद

सायकल ट्रिपचा प्लॅन करायला बसलं की सगळ्यात आधी कात्री लागते ती रेस्ट डेला. आमच्या बडोद्याच्या ग्रुपमधे पण तेच झालं, दांडिया बाजारात काकांच्या घरी सगळे जमलेले, समोर लिलो चेवडो आणि चहा, आणि एकाचं म्हणणं असं की एवढे तिकिटाचे पैसे टाकून व्हिएतनामला जायचं आणि वर हॉटेलात लोळत पडायचं का, त्यापेक्षा अजून साठ किलोमीटर मारू ना. मी अडूनच बसलो. हाय वानचा घाट झाला की होई आनला दोन रात्री मुक्काम, मधला दिवस सायकल बंद, नाहीतर मी येत नाही म्हणून सांगितलं.

बडोद्यात चढ आहे कुठे? आमची प्रॅक्टिस म्हणजे पहाटे फ्लायओव्हरवर वर-खाली आणि रविवारी पावागढला जाऊन माचीपर्यंतचा रस्ता. हाय वानचा माथा तसा ४९६ मीटरच, पण सुरुवात होते पार समुद्रालगत, आणि हवा इतकी दमट की घाम अंगावर तसाच राहतो. २००५ मधे डोंगराखालून बोगदा झाला तेव्हापासून बहुतेक बस-ट्रक तिकडून जातात, सायकलींना बोगद्यात प्रवेश नाही, त्यामुळे जुना घाटरस्ता बऱ्यापैकी मोकळा मिळतो, पेट्रोलचे टँकर तेवढे अजून वरूनच येतात. उतार संपला की दा नांग, तिथून तीसेक किलोमीटर सपाट, की आलं होई आन. अशी राइड झाली की पायातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेचा साठा परत भरायला साधारण चोवीस तास लागतात, तेही नीट जेवलं आणि झोपलं तरच. लागोपाठ रेटत राहिलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात, आणि त्याहून वाईट म्हणजे माणसं एकमेकांवर चिडायला लागतात. मला रेस्ट डे हवा होता तो जास्त करून ह्या दुसऱ्या कारणासाठी.

त्या मधल्या दिवशी अलार्म लावला नव्हता तरी पाचला सगळे जागे! आधी धुणं. राइडच्या शॉर्ट्स उलट्या करून पॅडिंग कडक उन्हात, हे काम सगळ्यात महत्त्वाचं, ओलसर पॅडिंगवर दुसऱ्या दिवशी बसलात तर खोगीर लागून जे फोड येतात त्याने ट्रिप तिथेच संपू शकते. मग हॉटेलच्या मागच्या अंगणात सायकली उलट्या. आमचा एक मित्र ह्यात पक्का, त्याने डिग्रीझर (तेलकट मळ काढायचं द्रावण) लावून जुन्या टूथब्रशने प्रत्येक कडी घासली, चिंधीने कोरडी केली, मग चेन हळूहळू उलटी फिरवत एकेका कडीवर तेलाचा एकच थेंब, आणि वरचं जास्तीचं तेल परत पुसून टाकलं. घाट उतरताना ब्रेक पॅड इतके झिजले होते की दोन सायकलींचे तिथेच बदलले. हे काम चालू असताना कोणी घाई करत नव्हतं, गप्पा चालू होत्या, आदल्या दिवशी चढावर वहिनी मागे पडल्या आणि पुढचे थांबले नाहीत त्यावरून जे धुसफुसत होतं ते पण तिथेच बोलून मोकळं झालं.

मग कॉफी. ग्लासावर ती छोटी धातूची गाळणी ठेवतात, खाली कंडेन्स्ड मिल्क, वरून काळी रोबस्टा थेंब थेंब पडत राहते, पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. कॉफी निर्यातीत ब्राझीलच्या खालोखाल व्हिएतनामचा नंबर लागतो, आणि ती पिताना ते पटतं.

जुन्या गावात पायीच गेलो. होई आन हे थू बोन नदीकाठचं जुनं व्यापारी बंदर, जपानी, चिनी व्यापाऱ्यांची घरं, १९९९ पासून जागतिक वारसा. जपानी पूल पाहिला, २०,००० डाँगच्या नोटेवर जो आहे तोच. पण आम्ही जास्त वेळ थांबलो ते एका जुन्या लाकडी घरात. तिथे भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, एकाखाली एक, प्रत्येकीपुढे साल, आणि १९६४ ची खूण माझ्या डोक्याच्याही वर. माडीच्या जमिनीत जाळीचं झाकण असलेला चौकोन, पाणी चढायला लागलं की खालचं सामान, फर्निचर दोरांनी तिथून वर ओढून घेतात. वहिनी त्या खुणांपुढे उभ्याच राहिल्या. २०२४ च्या ऑगस्टमधे बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी त्यांच्या तळमजल्यात शिरलं होतं, सोसायटीच्या रस्त्यावर मगर आलेली, फ्रिज, गाद्या, मुलांची पुस्तकं सगळं गेलं. त्या म्हणाल्या, आपण पण भिंतीवर असं लिहून ठेवायला पाहिजे होतं, आपण रंग मारून टाकला. मी त्यावर खूप विचार केला. दरवर्षी पाणी येणार हे धरून ज्यांनी घरात सोय केली त्यांचं घर दोनशे वर्षं उभं आहे. सायकलवर असतो तर हे घर दहा मिनिटांत उरकून फोटो काढून निघालो असतो.

जेवायला शाकाहारी शोधावं लागतं, पण पाटीवर ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) लिहिलेलं दिसलं की बिनधास्त आत शिरायचं. तिथली खासियत काओ लाउ, जाडसर पिवळट नूडल्स, ती डुकराच्या मांसाबरोबर खातात, आम्हाला टोफू आणि भरपूर हिरव्या पाल्याबरोबर मिळाली. मग दुपारी दोन तास झोप, पाय उशीवर.

काका मात्र सकाळीच गाडी करून माय सनची जुनी देवळं बघायला गेले होते, चाळीसेक किलोमीटर. त्यांनी आपल्या एमएस युनिव्हर्सिटीत पुरातत्त्व केलेलं, त्यामुळे त्यांना अडवण्यात अर्थच नव्हता, आणि गाडीत बसून गेले म्हणजे पायाला आराम मिळालाच. संध्याकाळी आले ते चेहऱ्यावर वेगळाच आनंद घेऊन. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वर नावाने शिवाचं देऊळ बांधलं, पुढे कित्येक शतकं चाम राजे (इथल्या जुन्या चंपा राज्याचे) तिथे देवळं बांधत राहिले, सगळी विटांची, आणि दोन विटांमधे चुना-गारा दिसतच नाही. काका दोन तळवे एकमेकांवर दाबून दाखवत होते, बघ, अशी बसलीयेत. १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात तिथलं सगळ्यात मोठं देऊळ पडलं. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथे डागडुजीचं काम केलंय आणि त्या कामात २०२० मधे नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. काकांनी तिथे हात जोडले म्हणाले, डोळे भरून आले होते त्यांचे.

व्हिएतनामी चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले दिवे मालवून नुसते कंदील लावतात, आणि तारीख ठरवताना वहिनींनी कालनिर्णयमधे पौर्णिमा बघून बरोबर तोच दिवस धरला होता. नदीवर गर्दी भयंकर, तरी जरूर जा. आम्ही नऊला परत फिरलो, कारण टायरमधे हवा भरायची होती आणि पहाटे साडेपाचला दक्षिणेकडे ताम कीच्या रस्त्याला लागायचं होतं. ज्याला साठ किलोमीटर अजून मारायचे होते त्याने परतताना मला विचारलं, पुढे क्वी न्योन गावाला पण एक दिवस थांबता येईल का.