चार्टर शाळा चांगली का हो?

इथे न्यू जर्सीत, एडिसनच्या गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली की हा प्रश्न मला हमखास गाठतो. "तुम्ही चार्टर स्कूलमध्ये शिकवायचात ना? चांगली असते का हो? मुलाला घालावं का?" मागचे लोक ताटकळलेले असतात, म्हणून मी "शाळेवर आहे" एवढं म्हणून सुटका करून घेते. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज जरा बसून सांगते.

आधी एक गैरसमज. अमेरिकेतली चार्टर शाळा खाजगी नसते. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढतात. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा. साताऱ्यात आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपली अनुदानित शाळाच की गं!" तीस वर्षं अशाच एका संस्थेत मराठी शिकवलेली बाई, तिला पटकन कळलं. पण एक फरक आहे. पट घसरून आई अतिरिक्त ठरली असती, तर समायोजन होऊन दुसऱ्या शाळेत गेली असती, पगार शासनाचाच राहिला असता. इथे सगळं मुलावर अवलंबून. न्यू जर्सीच्या कायद्याने मूल चार्टरमध्ये गेलं की त्याच्या वाट्याच्या मूळ खर्चातली साधारण ९० टक्के रक्कम गावच्या सरकारी शाळांच्या बजेटमधून तिकडे जाते. बहुतेक चार्टर शाळांत शिक्षकांची युनियन नसते. आमचा करार तर वर्षावर होता.

गंमत अशी, की ही कल्पना गाजवली ती शिक्षकांच्या युनियनच्याच पुढाऱ्याने. १९८८ मध्ये अल्बर्ट शँकर म्हणाले, शिक्षकांनाच छोट्या शाळा काढून नवे प्रयोग करू द्या. मिनेसोटाने १९९१ मध्ये पहिला कायदा केला, पुढच्या वर्षी सेंट पॉलमध्ये पहिली शाळा उघडली, आणि थोड्याच वर्षांत शँकर स्वतः चार्टर शाळांच्या विरोधात बोलू लागले. कल्पना दुसऱ्यांच्या हातात गेली होती.

मी न्यू जर्सीतल्याच न्यूअर्क शहरातल्या एका चार्टरमध्ये २०१० साली लागले. त्याच सप्टेंबरात फेसबुकच्या झुकेरबर्गने शहराच्या शाळांसाठी १० कोटी डॉलर जाहीर केले होते, सगळीकडे तीच चर्चा. आमची शाळा सकाळी साडेसातला भरायची, पाचला सुटायची. शर्ट बाहेर आला की गुण वजा. व्हरांड्यात फरशीवर निळी टेप चिकटवलेली, मुलांनी तिच्यावरून एका रांगेत, तोंडातून अवाक्षर न काढता चालायचं. मला ती टेप शेवटपर्यंत आवडली नाही. आणि शाळेने दिलेला फोन रात्री नऊपर्यंत चालू ठेवायचा, गृहपाठ अडला तर मुलं करणार म्हणून.

एका रात्री तव्यावर पोळी होती आणि फोन वाजला. "मिस, पाऊण भागिले अर्धा दीड कसं? भागल्यावर आकडा लहान व्हायला पाहिजे ना?" म्हटलं, घरात टॉर्टिया आहे का? होता, मेक्सिकन पोळीच ती. "त्याचा पाव भाग फाडून बाजूला ठेव. उरलेल्यात अर्धा टॉर्टिया किती वेळा बसतो?" बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. मग तो ओरडला, "एकदा! आणि अर्ध्याचा अर्धा उरला!" माझी पोळी करपली. पण नोकरीतले असे दिवस मी विसरणार नाही.

म्हणजे मुलं शिकायची. हे कोणी नाकारू नये. बॉस्टनमध्ये संशोधकांनी सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा चार्टरमधली मुलं गणितात बरीच पुढे निघाली. देशभराचं चित्र इतकं उजळ नाही. स्टॅनफर्डच्या २००९ च्या अहवालात गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरकारी शाळांच्या पुढे होत्या आणि ३७ टक्के मागे. २०२३ च्या अहवालात सरासरी थोडी पुढे सरकली, पण ऑनलाइन चार्टर फारच मागे पडल्या.

आता जे प्रसादाच्या रांगेत सांगता येत नाही ते. सातवीच्या माझ्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी गणितात तरबेज, वाचायला दिलं की अक्षरं त्याच्यापुढे नाचायची. त्याच्या आईला तीनदा मीटिंगला बोलावलं. "काढून टाकतो" असं कोणी म्हणालं नाही. "त्याला लागते ती सोय आमच्याकडे नाही, त्याचंच नुकसान होईल," असं म्हणाले, फार गोड आवाजात. मी त्या खोलीत होते. काही बोलले नाही. माझं करारपत्र मार्चमध्ये यायचं होतं.

जानेवारीत तो सरकारी शाळेत गेला. वरच्या वर्गांत मधेच नवं मूल घ्यायचं नाही असा नियम होता, म्हणून त्याची खुर्ची रिकामीच राहिली. जूनमध्ये वर्गाची सरासरी वाढली आणि मला शाबासकी मिळाली.

तोवर मी तिथली जुनी शिक्षिका झाले होते, चौथ्याच वर्षी! बाकीचे थकून नोकरी सोडून गेले होते, बहुतेक पंचविशीतले. तरी आम्ही आपल्या पायांनी गेलो. न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ च्या कतरिना वादळानंतर शाळांमधल्या सात हजारांहून जास्त लोकांना एकदम घरी पाठवलं, आणि मग तिथे चार्टर शाळा उभ्या राहिल्या. गेलेल्या शिक्षकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते.

आता मी न्यूअर्कच्याच सरकारी शाळेत आहे. इथे मूल फेब्रुवारीतही दारात येतं, कधीकधी चार्टरमधूनच, आणि आम्हाला ते घ्यावंच लागतं. वर्गात खुर्ची नसली तर शेजारच्या वर्गातून मागून आणते.

तुमच्या मुलाचं म्हणाल, तर एडिसनमध्ये तुम्हाला याची गरज काय? घर बघताना किचनच्या आधी आपण सगळ्यांनी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे घर कुठल्या शाळांच्या हद्दीत येतं ते, बघितलं. इथल्या शाळा बऱ्याच अंशी घरपट्टीवर चालतात. न्यूअर्कमधली आजी नातवाची चिठ्ठी निघते का म्हणून हॉलमध्ये जीव मुठीत धरून बसायची, आपण ती चिठ्ठी घराच्या किमतीत धरून घेतली. मीसुद्धा. माझी मुलगी सकाळी चालत तिच्या शाळेत जाते, आणि मी पार्कवेवरून पाऊण तास गाडी चालवत माझ्या.