तुम्ही विचारलंत म्हणून: ‘थोड्याशा चिकननं काय होतंय?’

टेकडीवर, लिफ्टमध्ये, अगदी हळदीकुंकवाला गेले तरी आमच्या कुत्र्याचा, खंडूचा विषय निघतो. ॲलर्जीमुळे त्याला चिकन बंद आहे आणि दुसरं काही तो धड खात नाही, हे कळलं की दोन वाक्यं ठरलेली असतात. ‘दोन दिवस उपाशी ठेवा, काहीही खाईल.’ आणि ‘चिकन एवढं आवडतं त्याला, तर द्या की थोडंसं. थोड्याशानं काय होतंय?’ पहिल्याचं उत्तर छोटं आहे, दुसऱ्याचं मोठं. दोन्ही एकदाच नीट देते.

धडधाकट कुत्रा भूक लागली की खातो, हे खरं आहे. खंडू घरी येण्याआधी मीही लोकांना हेच ऐकवायचे. पण खंडूचं पोट रिकामं राहिलं की पहाटे तो पिवळं पित्त ओकतो, आणि ओकल्यावर त्या दिवशी वाडग्याकडे फिरकत नाही. उपासानं त्याची भूक वाढत नाही, मरते. शिवाय कान आणि कातडीच्या दुखण्यात त्याच्या जेवणात इतक्या गोळ्या लपवाव्या लागल्या, की नवा घास दिसला की तो आधी हुंगतो आणि मग मागे सरतो. याला तुम्ही नखरे म्हणता. मला तो शहाणपणा वाटतो.

आता चिकन. ‘ॲलर्जी गव्हाची असते हो, चिकनची कुठली!’ असं सांगणारेही भेटतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती. बीफचा त्रास ३४ टक्के कुत्र्यांना, दुधाच्या पदार्थांचा १७, चिकनचा १५, गव्हाचा १३. म्हणजे चिकन गव्हाच्या वरच आहे. रक्त तपासून हे का कळत नाही, असंही विचारतात. तशा तपासण्या मिळतात, पण अन्नाच्या ॲलर्जीसाठी त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. खात्रीचा मार्ग एकच. कुत्र्यानं आयुष्यात कधी न खाल्लेलं किंवा त्याच्या शरीराला ओळखू न येणारं अन्न, आणि फक्त तेवढंच, किमान आठ आठवडे. मग जुनं अन्न मुद्दाम परत द्यायचं आणि काय होतं ते बघायचं.

आमचं घर शाकाहारी. तरी खंडू पिल्लू असल्यापासून त्याचा चिकन-भात गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर शिजायचा, सासूबाईंच्या संमतीनं. डॉक्टरांनी आधी हायड्रोलाइज्ड खाणं सुचवलं. त्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते सहसा ओळखू येत नाहीत. खंडूनं त्याला तोंड लावलं नाही. मग ठरले बांगडा आणि रताळं, दोन्ही त्याला नवीन. गणेश पेठेतून मासे आणायचे, उकडायचे, बोटांनी चाचपून काटे काढायचे. दूध, पनीर, चपाती, बिस्किट सगळं बंद. जंताची गोळीसुद्धा बिनस्वादाची, कारण चघळायच्या गोळ्यांना बऱ्याचदा मांसाचा स्वाद लावलेला असतो. टेकडीवर प्रेमानं पुढे केलेल्या ग्लुकोजच्या बिस्किटात गहू आणि दूध दोन्ही असतं. मी झडप घालून ते काढून घेतलं, तेव्हा काहीजणांना राग आला. येऊ दे. आठवडेच्या आठवडे एका बिस्किटापायी वाया जातात.

हळूहळू खाज गेली. कान आतून फिकट गुलाबी आणि कोरडे झाले. नवरा म्हणाला, बरा झालाय ना, मग आता चिकन मुद्दाम कशाला द्यायचं? मलाही तेच वाटत होतं. पण पावसाळाही तेव्हाच संपला होता. पुण्यातल्या दमट महिन्यांत कानात यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी माजते, ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की ती आपोआपही कमी होते. बरा झाला तो अन्नामुळे, हवेमुळे की कानात घालायच्या औषधाच्या थेंबांमुळे, हे चिकन परत दिल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि ते कळलं नसतं तर आम्ही जन्मभर नुसत्या संशयावर त्याचं खाणं तोडत बसलो असतो.

म्हणून एका रविवारी गॅलरीत पुन्हा चिकन शिजलं. वास सुटला तसा खंडू आतल्या खोलीतून धावत आला, फरशीवर नखं वाजवत. गॅलरीच्या दारात बसला आणि त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. बांगड्याच्या वाडग्याभोवती दोन फेऱ्या मारून निघून जाणारा हा कुत्रा! वाडगा ठेवला आणि त्यानं मान वर केली नाही. संपल्यावरही चाटत राहिला, इतका, की स्टीलचा वाडगा सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला. सासूबाई म्हणाल्या, ‘आज जेवलं बाई लेकरू.’ त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. पण मला पुढचं माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

दुसरा दिवस बरा गेला. वाटलं, नसेलच काही. पण त्यानंतर एका रात्री अंधारात तो ओला, चिकट, एकसारखा आवाज सुरू झाला. पाय चाटण्याचा. दिवा लावला तर पुढच्या पंज्याच्या बोटांमधली कातडी लाल, केस लाळेनं तांबूस झालेले. सकाळी कान गरम, डोकं झटकणं सुरू, आणि कानाला तो जुना आंबूस वास. डॉक्टर म्हणाले, थांबवा, उत्तर मिळालं. खाज अशी परत उठायला काही तासही पुरतात किंवा दोन आठवडेही लागतात.

थोड्याशानं काय होतं, ते हे होतं. खाज जेवल्याबरोबर आली असती तर त्यानं स्वतःच चिकन सोडलं असतं. ती येते दिवस उलटून गेल्यावर, आणि त्याला तो धागा जोडता येत नाही. तो मला जोडावा लागतो. त्याचा आवडता घास मी रोज नाकारते, कारण पंज्यांची आठवण मला आहे.

आता तो नीट खातो का? काही दिवस खातो. अन्न कोमट केलं की वास उठतो आणि तो जवळ येतो. पंधरा मिनिटांनी वाडगा उचलते, मागे फिरत भरवत नाही. मध्ये काही द्यायचंच तर वाळवलेल्या रताळ्याची चकती. नुसत्या मासा-रताळ्यात कॅल्शियम, झिंक कमी पडतं, म्हणून डॉक्टरांनी हिशोब करून दिलेली पावडर मिसळते. पावडर जास्त झाली की त्याला लगेच कळतं.

तरी रविवारी शेजारून रश्शाचा वास येतो, खंडू दाराच्या फटीला नाक लावतो, आणि मी स्वतःशीच भांडते. कुत्र्याचं आयुष्य ते केवढं, त्यात त्याचा एक खरा आनंद आपण काढून घेतला. मग कानाचे थेंब आठवतात, ते घालताना त्याला धरून ठेवणारे चार हात आठवतात. तेव्हा मी बरोबर असते. पुढच्या रविवारी पुन्हा नसते.

अंड्याचं अजून ठरलेलं नाही. चिकन न चालणाऱ्या कुत्र्याला अंडं चालूही शकतं, पण तेही असंच देऊन बघावं लागतं. सासूबाई म्हणतात, बघूया. नवरा म्हणतो, पुन्हा त्या रात्री नकोत. मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि ती एकदा पुढे ढकलली आहे. तोवर कृपा करून त्याच्यासमोर हात पुढे करू नका. डोक्यावरून फिरवा, त्याला तेही आवडतं.