आमची वाटचाल : गाळा, फाउंड्री आणि एक सिरीयल वायर

२०१७ ला मी आणि माझ्या मावसभावाने कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटा गाळा भाड्याने घेतला तेव्हा हातात एकच ऑर्डर होती, एका फाउंड्रीचं (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचं) हजेरी मशीन. अंगठ्याचं मशीन तिथं चालतच नव्हतं, मोल्डिंगची काळी वाळू बोटांत एवढी मुरलेली की ठसा घेणार कुठून? म्हणून कार्ड.

कार्ड वाचणारा रीडर घेतला ईएम-१८, १२५ किलोहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारा, आणि बोर्ड रास्पबेरी पाय ३, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर. रीडरचा टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) पायच्या आरएक्सला (डेटा घेणाऱ्या पिनेला) सिरीयल वायरने, ग्राउंडला ग्राउंड, संपला विषय असं वाटलं. पण रीडर बोलतो ५ व्होल्टमध्ये आणि पायच्या पिना फक्त ३.३ सोसतात, डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं हो, पण वाचतंय कोण! पहिला बोर्ड गेला. मग एक के आणि दोन के (किलोओहम) असे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणलं, काम दोन-चार रुपयांचं.

दुसऱ्या बोर्डाने तर रडवलं. कार्ड धरलं की बीप वाजतोय पण स्क्रीनवर कार्ड नंबरच्या १२ अक्षरांतली कधी पाचच, कधी काहीच नाही, आम्ही दोन रात्री सोल्डरिंगच तपासत बसलो. निघालं काय, तर पायवरच्या लिनक्स सिस्टिमचा लॉगिन कन्सोल (वायरवरून लॉगिन घेणारा प्रोग्रॅम) त्याच सिरीयल पोर्टवर बसलेला आणि निम्मी अक्षरं तोच गिळत होता. रास्पी-कॉन्फिगमध्ये, म्हणजे पायच्या सेटिंगमध्ये (ती मेमरी कार्डवरच राहतात), ते लॉगिन शेल बंद केलं, पोर्ट चालू ठेवला, ९६०० बॉडच्या वेगाला १२ च्या १२ अक्षरं आली. तेव्हापासून शेवटच्या दोन अक्षरांचा चेकसम (नंबर नीट आला का हे तपासायचा आकडा) जुळल्याशिवाय आम्ही हजेरी धरत नाही, अर्धवट नंबरावर कुणाचा खाडा पडला तर तो माणूस आम्हालाच धरणार ना.

मग मालकांनी हौसेने जाड पत्र्याची पेटी वेल्डिंग करून दिली. रीडर आत गेला आणि कार्ड वाचेनाच! लोखंडामागे रीडरमधली १२५ किलोहर्ट्झची कॉइल काय करणार, समोर खिडकी कापून अॅक्रेलिक बसवलं.

आता आम्ही पाचजण आहोत, मशीनं इचलकरंजीपर्यंत गेलीत. परवाच एका गिऱ्हाईकाचा फोन, “साहेब, बीप वाजतोय पण नोंद पडत नाही.” मी एवढंच विचारलं, “मेमरी कार्ड नवीन टाकलंय का?” पलीकडे जरा शांतता, मग, “हो, पोराने टाकलं काल.”