बुबुळ बसवल्यानंतर

गुरुवार, रात्र

"आता दिसायला लागलं, मग थेंब कशाला?" दात्याचं बुबुळ (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) बसवलेल्या रुग्णाकडून हा प्रश्न आज पुन्हा आला. प्रश्न रास्त आहे. पण जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या बुबुळात प्रत्येक थराची भरून येण्याची चाल वेगळी, आणि एक थर तर भरून येतच नाही.

वरचा थर सगळ्यात चपळ. दात्याच्या पेशी गळतात आणि बुबुळाच्या कडेच्या मूळपेशींपासून रुग्णाच्याच नव्या पेशी मध्याकडे सरकत येतात. आठवड्याभरात तो जुळायला हवा. नाही जुळला तर पापणी पूर्ण मिटते का, डोळा कोरडा आहे का, थेंबांतलं प्रिझर्व्हेटिव्ह बाधतंय का, हे आधी बघावं. शस्त्रक्रियेत नसा कापल्या जातात, त्यामुळे डोळ्यात काही खुपलं तरी नीट कळत नाही.

मधल्या थरात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून जखम फार सावकाश धरते. केसाहून बारीक नायलॉनचे टाके, बहुतेकदा 16, वर्षभर किंवा त्याहून जास्त ठेवावे लागतात. टाका सैल पडला की तिथे जंतू शिरतात, रक्तवाहिन्या ओढल्या जातात. तो त्याच दिवशी काढलेला बरा. एवढं करूनही जोड मूळच्या इतका मजबूत होत नाही. दहा वर्षांनी चेंडू लागूनही उसवू शकतो.

खरी काळजी आतल्या एकपदरी थराची. बुबुळातलं पाणी सतत बाहेर उपसणाऱ्या या पेशी माणसात नव्याने तयार होत नाहीत. एक मेली की शेजारची पसरून जागा भरते. चौरस मिलिमीटरमागे दोन-अडीच हजार असतात. 500 च्या आसपास आल्या की बुबुळ सुजतं. सकाळी उठल्यावर धूसर आणि दुपारी बरं दिसत असेल तर कान टवकारावेत: रात्री मिटलेल्या पापणीखाली पाणी उडून जात नाही.

शरीराने परकं बुबुळ नाकारलं तर घाव याच थरावर पडतो. स्टिरॉइडचे थेंब त्यासाठी, महिनोन्‌महिने, हळूहळू कमी करत. त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून दर भेटीला तोही मोजायचा. लाली, उजेड न सोसणं, धूसरपणा, दुखणं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

2018 साली क्योटोच्या डॉक्टरांनी 11 रुग्णांच्या डोळ्यांत प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतल्या थराच्या याच पेशी सुईने सोडल्याचं प्रसिद्ध केलं. नंतर 3 तास पालथं झोपायचं, म्हणजे पेशी बुबुळाला चिकटतात.