"गाडी दारापर्यंत जाते" म्हणे! टेमिस्कमिंगच्या जंगलात काढलेले १० दिवस

काल रात्री परत आलो. डावा डोळा अजून अर्धाच उघडतोय, कानामागे माश्यांनी फोडून काढलंय ते लिंबाएवढं सुजलंय, तेव्हा लिहिण्यात चिडचिड दिसली तर समजून घ्या. अजून आठवडाभर थांबलो तर मी सगळं गोड करून सांगेन आणि मग कुणीतरी आमच्यासारखंच मे महिन्यात तिकडे जाऊन पडेल, म्हणून आत्ताच लिहितोय.

तर प्रकरण असं. बायकोच्या आजोबांची कॅनडात, उत्तर ऑन्टॅरिओच्या टेमिस्कमिंग भागात १६० एकर जमीन आहे, इंगलहार्ट गावापासून पश्चिमेला आत. आजोबा फिनलंडहून आलेले, थोडं जंगल तोडून बटाटे नि गवत केलं, पुढे खाणीत नोकरी लागली नि जमीन तशीच राहिली. ती आता बायकोच्या नावावर झालीय. १६० एकर म्हणजे अर्धा मैल बाय अर्धा मैल, गावाकडे सांगितलं तर लोकांना वाटतं जावई जहागीरदार झाला. प्रत्यक्षात तिथे काळा स्प्रूस, बाल्सम, पॉप्लर ही झाडं, अल्डरची झुडपं आणि पाणी. मुख्य म्हणजे पाणी. बेत असा होता की एक छोटी केबिन, म्हणजे लाकडी घर, उभी करायची, मे ते ऑक्टोबर जमेल तसं राहायचं, थोडी भाजी लावायची, बस.

आम्ही टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनहून निघालो, साडेपाचशे किलोमीटर. ४०० नि मग ११ नंबर हायवे, नॉर्थ बेला पेट्रोल भरा, जेवा, पुढे निघा. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मे महिन्यातला व्हिक्टोरिया डेचा लाँग वीकेंड गाठून निघालो, मागे ट्रेलरवर केबिनचं किट, म्हणजे जोडायचे तयार भाग.

निघण्याआधी मामेसासऱ्यांना फोन केला होता, ते कर्कलंड लेकला असतात, वय ७६. ते म्हणाले, "काळजी नको, गाडी दारापर्यंत जाते." हे वाक्य लक्षात ठेवा.

पक्का खडीचा रस्ता संपतो तिथून आमची जागा १.९ किलोमीटर. पहिले दीड किलोमीटर जुनी लॉगिंगची, म्हणजे लाकूडतोडीची वाट, खड्डे आहेत पण जाता येतं. मग आमची हद्द लागते आणि शेवटचे ४०० मीटर सुरू होतात. त्यातले ३०० मीटर म्हणजे मस्केग, तिकडची दलदल. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, वरून हिरवीगार शेवाळाची गादी, पाय ठेवला की दहा फुटांवरचं झाड हलतं, आणि आत काळं गार पाणी. मी कोपरापर्यंत हात घातला तर खाली बर्फाचा थर लागला, मे महिना संपत आलेला! त्यात वरच्या अंगाला बीव्हर नावाच्या बांध घालणाऱ्या प्राण्याने धरण घातलंय, म्हणजे पाणी हटायचं नावच नाही. गाडी पहिल्या वीस मीटरमध्ये पोटापर्यंत गेली. हँड विंच (हाताने ओढायची चरखी) आणि दोन ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या फळ्या) घेऊन ती मागे काढायला साडेचार तास लागले, आणि चिखल कसला म्हणाल तर आपल्याकडच्या काळ्या रानात पहिल्या पावसानंतर चपलेला दोन किलोचा गोळा चिकटतो ना, तसला, फक्त करड्या रंगाचा आणि गोठवणारा. ही क्ले बेल्टची, म्हणजे तिकडच्या चिकणमातीच्या पट्ट्याची माती, शेतीला म्हणे चांगली. असेल.

मामेसासरे "गाडी" म्हणाले ती स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटर होती हे मला आठव्या दिवशी कळलं. ते गेली तीस वर्षं तिथे फक्त मार्चमध्ये जातात. तेव्हा सगळं दगडासारखं गोठलेलं असतं आणि खरंच दारापर्यंत जाता येतं. त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही आणि तेच जास्त चीड आणतं. आम्ही विचारलं "रस्ता आहे का", विचारायला हवं होतं "कुठल्या महिन्यात".

आता पैशाचं. गाडी रुतल्यावर डोकं फिरलेलं असतं, अशा वेळी फोन करू नका. आम्ही केला. सिग्नल नाही, त्यामुळे हायवेपर्यंत मागे जाऊन एका काँट्रॅक्टरला बोलावलं, नाव लिहीत नाही. एक्सकॅव्हेटर तासाला १७५ डॉलर म्हणाला, मला ठीक वाटलं. फ्लोटचे पैसे म्हणजे मशीन ट्रेलरवर आणायचे ६०० आणि परत न्यायचे ६००, हे बिलात पहिल्यांदा दिसलं. ९ तास लावले, त्यातले ३ तास त्याचं स्वतःचं मशीन रुतलं होतं ते काढण्यात गेले, तेही मीटरवर. आणि खडी! ६ लोड, प्रत्येकी ४२०, ट्राय-ॲक्सल म्हणजे मागे तीन आसांचा ट्रक, "वीस टन बसते". मी म्हटलं खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे खडी मातीत जाऊ न देणारं कापड, नको का टाकायला, तर म्हणे गरज नाही, खडी आपली जागा धरते. तिने जागा धरली ती जमिनीच्या पोटात. सकाळी पसरली, संध्याकाळी मधोमध परत शेवाळ वर आलेलं.

वजनाची तिकिटं मागितली तेव्हा कळलं की प्रत्येक ट्रकमध्ये साधारण ८ टनच होते. कारण बर्फ वितळताना रस्ते मऊ असतात म्हणून हाफ लोड लागू असतो, एका ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त नाही, आणि आमच्या रस्त्यावर ती पाटी अजून होती. म्हणजे ट्रक अर्धा भरणं बरोबर, कायद्याने भरता येतच नाही. पण मग पैसे पूर्ण ट्रकचे कसले घेतोस बाबा? एकूण बिल ५,२९५, वर १३ टक्के एचएसटी म्हणजे विक्रीकर, म्हणजे ६,००० ला १६-१७ डॉलर कमी. एवढ्यात रस्ता किती झाला? शून्य मीटर.

त्यामुळे माझं सरळ सांगणं. खडी लोडवर घेऊ नका, टनावर घ्या आणि प्रत्येक ट्रकचं तिकीट हातात आल्याशिवाय सही करू नका. फ्लोट किती, रुतलं तर वेळ कुणाचा, हे आधी लिहून घ्या. आणि हाफ लोडची पाटी निघेपर्यंत मागवूच नका. ओल्या जागेत कापडाशिवाय खडी टाकणं म्हणजे विहिरीत नाणी टाकणं, निदान विहिरीत नवस तरी होतो.

मग आम्ही दोघांनी ठरवलं की जुन्या लोकांसारखं करू, कॉर्डुरॉय. म्हणजे खाली वाटेच्या दिशेने लांब दोन ओंडके आणि त्यावर आडवे ओंडके एकाला एक लावत जायचं. पट्टा आमच्याच हद्दीत असल्यामुळे हे करता आलं. बाहेर सरकारी जमिनीवर असा रस्ता किंवा ओढ्यावर पूल करायचा तर वर्क परमिट लागतं. टॅमरॅक आणि स्प्रूसची झाडं तोडायची, १२ फुटांचे तुकडे, ६ इंच जाडी. कायम पाण्याखाली राहिलं तर हे लाकूड वर्षानुवर्षं कुजत नाही, हवाच मिळत नाही ना. सुकं-ओलं होत राहिलं तर मात्र लवकर जातं. पॉप्लर आणि बर्च वापरू नका, विशेषतः बर्च सालीसकट पडू दिला तर आतल्या आत पिठासारखा होतो. ५ दिवस, दोघं, एक चेनसॉ, अडीचशेच्या वर ओंडके. ३८ मीटर झाले. संध्याकाळी कागदावर हिशोब केला, ३०० मीटरला दोन हजार ओंडके आणि चाळीस दिवस. बायकोने हिशोब बघितला आणि काही न बोलता चेनसॉची चेन काढून तेलात ठेवली.

एक इशारा, बाल्सम तोडताना वर बघा. तिकडे स्प्रूस बडवर्म या अळीने बरीच झाडं मारलीत, वाळका शेंडा नुसत्या धक्क्याने तुटून डोक्यावर येतो. हेल्मेट तुमच्याकडे असेलच, ते डोक्यावर असू द्या, ट्रेलरमध्ये नाही.

माश्या. ब्लॅक फ्लाय, म्हणजे चावणाऱ्या बारीक काळ्या माश्या, वाहत्या पाण्यात वाढतात आणि मे अखेर ते जून हा त्यांचा हंगाम. डासांसारखी सोंड खुपसत नाहीत, कातडी कापतात, कळतही नाही, रक्त कॉलरवर आलं की कळतं. गडद कपड्यांवर जास्त येतात आणि मी हुशारी करून नेव्ही ब्लू शर्ट नेला होता. कॅनडात ३० टक्क्यांपर्यंतचंच डीट (अंगाला लावायचं कीटकरोधक औषध) मिळतं, त्याने थोडं थांबतं, पण खरा उपाय जाळीचं जॅकेट आणि पँट मोज्यात खोचणं. दिवस मावळला की ब्लॅक फ्लाय जातात आणि डास ड्यूटीवर येतात.

फांद्यांचे ढीग जाळायचे तर तेही तेव्हाच. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर आगीचा सीझन, सूर्यास्ताच्या दोन तास आधीपासून पेटवायचं आणि सूर्योदयानंतर दोन तासांच्या आत विझवायचं, एकच ढीग, २ मीटर बाय २ मीटरपेक्षा मोठा नाही. तिकडे मे अखेरीस सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, म्हणजे दिवसभर ओंडके वाहिल्यावर सातला पेटवा आणि राखण करत डास खा. रिस्ट्रिक्टेड फायर झोन, म्हणजे आगबंदीचा भाग, जाहीर झाला असेल तर तेही नाही, निघायच्या आधी सरकारी नकाशा बघून घ्या.

संडास. कागदावर सोपं आहे, साध्या खड्ड्याच्या संडासाला परमिट लागत नाही, पण खड्ड्याचा तळ भूजलाच्या वर ९०० मिलिमीटर हवा. आम्ही दोन फूट खणलं आणि खड्डा भरला. दुसरीकडे खणलं, तोही भरला. शेवटी बादली आणि लाकडाचा भुसा. यापुढे जास्त लिहीत नाही.

कागदपत्रांचं मात्र जरा नीट वाचा, कारण इथे आम्ही निम्मे मूर्ख ठरलो. नकाशावर आमच्या जागेपर्यंत सरळ रेघेत रस्ता दिसतो. तो रोड अलावन्स, म्हणजे रस्त्यासाठी कागदावर राखलेला पट्टा, ६६ फूट रुंद, म्हणजे गुंठ्याच्या ३३ फुटी साखळीच्या दुप्पट. पण तो कधी उघडलाच नाही, तिथे शंभर वर्षांचं जंगल आहे. आपल्याकडे गाव नकाशात पाणंद असते आणि जागेवर ऊस असतो, अगदी तसंच, आणि तो कुणी उघडून द्यावा असं बंधन नाही. प्रत्यक्षातली लॉगिंगची वाट शेजाऱ्याच्या लॉटमधून जाते. मामेसासऱ्यांची त्याच्याशी तोंडी बोली होती, वहिवाट म्हणा. शेजारी भला माणूस निघाला म्हणून बरं, आता लिहून घेतोय. तुम्ही घरी बसून ऑनलँड या जमीन नोंदणीच्या वेबसाइटवरून पार्सल रजिस्टर काढा, तोच तिकडचा सातबारा समजा, आणि मूळ पेटंट, म्हणजे सरकारने जमीन पहिल्यांदा दिली तो दस्त, वाचा. खनिजांचे हक्क जमिनीपासून वेगळे असू शकतात, जुन्या पेटंटमध्ये पाइनची झाडंसुद्धा सरकारने राखून ठेवलेली असतात. जमीन तुमची, खालचं वरचं दुसऱ्याचं.

आणि "तिकडे परवाना लागत नाही" हे जे लोक सांगतात ते अर्धवट आहे. म्युनिसिपालिटी नसलेल्या टाउनशिपमध्ये बांधकामाचा परवाना द्यायला ऑफिसच नाही हे खरं, पण बिल्डिंग कोड लागू असतोच आणि सेप्टिक टाकीला परमिट लागतंच. पायाचं म्हणाल तर क्ले मातीत काँक्रीटचे खांब ओतू नका. दंव सहा-सात फूट खाली जातं, माती खांबाला धरून वर उचलते, दोन हिवाळ्यांत केबिनचा दरवाजा लागेनासा होतो. एकतर स्क्रू पाइल (जमिनीत पिळून घालायचे लोखंडी खांब) नाहीतर खडीच्या थरावर स्किड (आडव्या जाड तुळया). बाकी सल्ले ऐकू नका.

सातव्या दिवशी पाऊस थांबला, वारा सुटला, माश्या गेल्या, तळ्यावर लून पक्षी ओरडत होते, पाइक मासा मिळाला, मीठ-मसाला लावून तव्यावर परतला. छान होतं.

आठव्या दिवशी मामेसासरे स्वतः एटीव्हीवर, म्हणजे चिखलात चालणाऱ्या चारचाकी बाइकवर, आले. आमचे ३८ मीटर बघून हसले, मग आमच्या लाकडांवर चालत पुढे गेले, अल्डरमधून वाट काढत एका ठिकाणी थांबले. तिथे आजोबांची सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची लाकडी खोली. फिनिश लोक आधी सौना बांधतात, घर होईपर्यंत त्यातच राहतात. छप्पर कोसळलंय, मातीला टेकलेले खालचे दोन ओंडके हाताने कुस्करता येतात, पण वरचे सगळे ठणठणीत, कोपऱ्यांचे सांधे असे की सुरीचं पातं जात नाही. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे ती जागा उंच आहे, कोरडी, खाली वाळू. मी कुदळ मारली, चार फूट गेलो, पाणी नाही. आजोबांना सगळं माहीत होतं, आणि आम्ही आठ दिवस तिथून दीडशे मीटरवर चिखलात बादली घेऊन बसलो होतो.

तर आता असं ठरलंय. केबिन नाही, आधी सौना उचलायची, खालचे ओंडके बदलायचे. सामान मार्चमध्ये, रात्री चांगलं गोठत असताना, सकाळी लवकर स्लेज या बर्फावरच्या घसरगाडीवर न्यायचं. उन्हाळ्यात पायी, नाहीतर मामेसासऱ्यांची एटीव्ही. किट त्यांच्या गॅरेजमध्ये ठेवलंय. काँट्रॅक्टरला तिकिटांचे फोटो पाठवून भांडलो, त्याने ९०० कमी केले, फ्लोटचे केले नाहीत. ओढ्याचं पाणी उकळूनच प्या हे राहिलं सांगायचं, बीव्हरचं पाणी आहे, पोट धरून बसाल. बायकोने काल रात्रीच स्नोमोबिलसाठी मार्चचा दुसरा आठवडा सुट्टीला टाकला. मी अजून टाकलेला नाही, डोळा उघडला की बघतो.